नॅचरल आहे हो, पण खायचा नाही!

तुमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये काय काय आहे? खरं सांगा हं! ग्रीन टीच्या बॅग्ज, अश्वगंधाच्या गोळ्या, आवळा कँडी, शेजारच्या डेस्कवरून आलेली शतावरी पावडर... डेडलाइन्स, नाइट शिफ्ट आणि कँटीनमधला वडापाव या सगळ्याची भरपाई म्हणून आपण प्रत्येकजण काही ना काही 'हर्बल' घेतच असतो. आणि ते घेताना एक वाक्य ठरलेलं असतं, "नॅचरल आहे ना यार, फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही!"

या वाक्याचा दुसरा अर्धा भाग कितपत खरा आहे? मला त्याचं उत्तर एका कांद्यात सापडलं. आपल्या मिसळीवर पडतो तो कांदा नाही. रानकांदा!

माझं गाव वाशिम जिल्ह्यात. पुण्यात हे सांगितलं की समोरचा आधी मोबाइलवर नकाशा उघडतो. तर मंडळी, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. सोयाबीन आणि तुरीची शेतं, कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आणि पुण्याहून जायचं तर ट्रॅव्हल्समधली अख्खी रात्र. मे महिन्यात गेलात तर आमच्याकडचा माळ नुसता भाजून निघालेला असतो. गवताची काडी हिरवी दिसत नाही. अशा वेळी जमिनीतून एक लांबलचक दांडा सरळ वर आलेला दिसतो. ना पान, ना फांदी. दांड्यावर फिकट, तपकिरी-हिरवट छटेची छोटी छोटी फुलं लटकलेली. पाऊस पडल्यावर मग तलवारीसारखी लांब पानं येतात. आणि जमिनीखाली असतो पांढरट, पापुद्र्यांचा, हुबेहूब कांद्यासारखा कंद.

हाच रानकांदा. कुणी कोळकांदा म्हणतं, कुणी जंगली कांदा. संस्कृतमध्ये वनपलांडु किंवा कोलकंद. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका, जुन्या पुस्तकांत अर्जिनिया इंडिका. दिसायला कांद्याचा सख्खा भाऊ, पण आजच्या वर्गीकरणात त्याचं कूळ शतावरीचं. कापल्यावर कांद्याचा तो ओळखीचा वास येत नाही. रस हाताला लागला तर मात्र चांगलीच खाज सुटते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात.

फॉरवर्ड आला आणि...

हा कांदा माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पोचला तो फॉरवर्ड होऊन. माझ्या रूममेटच्या फोनवर मेसेज आला, 'जंगली प्याज! दमा, खोकला, गुडघेदुखी, हार्ट, सगळ्यावर एकच उपाय.' खाली पावडरची लिंक. तिच्या बाबांना हृदयाचा त्रास आहे आणि ते बरीच वर्षं डिजॉक्सिनची गोळी घेतात. तिने पाकीट कार्टमध्ये टाकलंसुद्धा होतं. मग आठवलं की मी विदर्भातली! "अगं, तुमच्याकडे फुकट मिळत असेल ना हा?"

मी आजीला फोन लावला. "आजी, रानकांदा खातात का गं?"

पलीकडून आधी काहीच आवाज नाही. मग, "काहून व माय? मराचं हाय का? थो लावाचा असते, खायाचा नसते. ढोरं बी तोंड नाई लावत त्याले."

संपलं! पाकीट कार्टमधून बाहेर गेलं. पण माझ्यातली पत्रकार जागी झाली. एकाच कांद्याबद्दल एक वेबसाइट सांगते 'रोज अर्धा चमचा' आणि आजी सांगते 'मराचं हाय का'. दोघींपैकी बरोबर कोण?

आजीचा कांदा

आमच्या भागात रानकांद्याचा घरगुती उपयोग ठरलेला. पायाला कुरूप झालं की कांदा चुलीच्या गरम राखेत भाजायचा, कापायचा आणि कोमट झाल्यावर कुरपावर बांधायचा. कडक झालेली कातडी मऊ पडते. बस, एवढंच. पण या एवढ्याशा उपायाबरोबर आजीकडे नियमांची यादी असते. कापायला घरातली सुरी वापरायची नाही. उरलेला तुकडा लेकरांच्या हाती लागू द्यायचा नाही. पायाला चीर किंवा जखम असेल तर बांधायचा नाही. आणि काहीही झालं तरी पोटात नाही.

या यादीत आजच्या काळात एका नियमाची भर घालायलाच हवी. डायबिटीस असलेल्यांनी हा प्रयोग करू नये. डायबिटीसमध्ये पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. कातडी भाजली, फोड आला तरी कळत नाही आणि साध्या कुरपाची मोठी जखम होऊन बसते. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कॉर्न कॅपवरसुद्धा डायबिटीसवाल्यांसाठी सूचना असते, ती उगाच नाही.

हार्टशी डायरेक्ट कनेक्शन

आता वेबसाइटकडे वळू. गंमत अशी, की तिचं म्हणणं शंभर टक्के थाप नाहीये. रानकांदा औषधी आहेच!

याचा युरोपातला चुलतभाऊ म्हणजे भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर वाढणारा स्क्विल. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने स्क्विल घालून केलेल्या व्हिनेगरची नोंद करून ठेवली आहे. पुढे कित्येक शतकं कफ सिरपमध्ये स्क्विल घातलं जायचं. आणि युरोपातल्या स्क्विलला पर्याय म्हणून आपला रानकांदा 'इंडियन स्क्विल' या नावाने वापरला जायचा. म्हणजे फॉरवर्डमधला खोकल्याचा दावा हवेतून आलेला नाही.

मग अडचण कुठे आहे? खोकल्यावर तो काम कसा करतो, ते बघा. कंदातली द्रव्यं पोटाच्या अस्तराला डिवचतात. त्याची प्रतिक्रिया म्हणून श्वासनलिकेत पातळ स्राव वाढतो आणि कफ सुटतो. मात्रा थोडी वाढवा, तीच द्रव्यं उलटी करवतात. आणखी वाढवा, ती थेट हृदयापर्यंत पोचतात. औषध तेच, कांदा तोच. फरक फक्त मात्रेचा!

या द्रव्यांना कार्डिअॅक ग्लायकोसाइड्स म्हणतात. रानकांद्यातली दोन प्रसिद्ध नावं म्हणजे सिलारेन ए आणि प्रोसिलारिडिन ए. आपल्या हृदयाच्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो. ही द्रव्यं तो पंप अडवतात. त्यामुळे पेशीत कॅल्शियम साठतं, हृदय जास्त जोराने आकुंचन पावतं आणि ठोके मंदावतात. दमलेल्या हृदयाला याचा उपयोग होतो, म्हणूनच प्रोसिलारिडिन हे युरोपात काही काळ हृदयरोगावरचं औषध म्हणून दिलं जात होतं. पण पंप जरा जास्त अडला, की ठोक्यांचा तालच बिघडतो. मळमळ, उलट्या, चक्कर, नजरेसमोर पिवळसर दिसणं, नाडी फार मंद किंवा अनियमित होणं आणि शेवटी हृदय बंद पडणं. आपल्याकडे पिवळ्या कण्हेरीच्या बियांनी होणारी विषबाधा याच पद्धतीची. कण्हेर विषारी हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. कांदा म्हटलं की मात्र आपण निर्धास्त!

आता रूममेटच्या बाबांची डिजॉक्सिनची गोळी आठवा. तीसुद्धा याच पंपावर काम करते. नेहमीची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. इतक्या बारीक हिशेबाने डॉक्टर मात्रा ठरवतात, मधूनमधून किडनी आणि पोटॅशियमच्या टेस्ट करायला लावतात. त्यावर कुणी रानकांद्याची 'अर्धा चमचा' पावडर घातली तर? एकाच ब्रेकवर दोघांनी पाय ठेवल्यासारखं होईल. बरं, त्या अर्ध्या चमच्यात नेमकं किती औषध आहे, हे कुणालाच ठाऊक नाही. कंद कुठल्या जमिनीतला, कुठल्या ऋतूत खणलेला, कसा वाळवलेला, यानुसार त्यातलं प्रमाण बदलतं.

हे सगळं घाबरवण्यासाठी सांगतेय असं वाटत असेल, तर एक नोंद वाचा. १९९५ साली तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी एक केस प्रसिद्ध केली होती. ५५ वर्षांच्या एका बाईंनी सांधेदुखीवरचा गावठी उपाय म्हणून स्क्विलचे दोन कंद खाल्ले. उलट्या झाल्या, झटके आले, रक्तातलं पोटॅशियम वाढलं, हृदयाचे ठोके पार बिघडले. कंद खाल्ल्यापासून साधारण ३० तासांत त्या गेल्या. सांधेदुखी! आपल्या घरातलं सगळ्यात कॉमन दुखणं.

आणखी एक गोष्ट ऐका. याच स्क्विलच्या तांबड्या जातीपासून पूर्वी उंदीर मारायचं औषध करायचे. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं विष बाहेर पडतच नाही. आणि आपण हे पावडरच्या पाकिटात भरून 'इम्युनिटी'च्या नावाखाली घ्यायचं?

नावातच सगळं आहे

आपल्या माळरानावर असा रानकांदा एकटा नाही. कळलावी आठवते का? पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं असणारी वेल. तिचा नांगरासारखा कंद बाळंतपणात कळा याव्यात म्हणून वापरला जायचा, म्हणून ती कळ लावणारी. भांडणं लावून देणाऱ्याला आपण 'कळलाव्या' म्हणतो, तेव्हा आठवतो तोच शब्द. या वेलीत कोल्चिसिन असतं. तेच कोल्चिसिन गाऊटच्या रुग्णाला अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून दिलं जातं आणि कंद खाल्ला तर जीव घेतं.

किंवा आमच्या विदर्भाचा लाडका बिब्बा घ्या. वरच्या कवचातलं तेल अंगाला लागलं तर फोड येतात. पण तेच कवच नीट फोडून आतली गोडंबी काढली, की ती थेट डिंकाच्या लाडवात! फोडणाऱ्या बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात. कुठलं टाकायचं, कुठलं खायचं, हात कसा वाचवायचा, हे त्यांना पाठ असतं.

इथेच मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आपण 'पारंपरिक ज्ञान' म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर फक्त वनस्पती येते. खरं ज्ञान वनस्पतीत नसतं, तिच्याबरोबरच्या सूचनांमध्ये असतं. किती, कसं, कधी, कुणाला आणि मुख्य म्हणजे कुणाला नाही. आयुर्वेदातसुद्धा विषारी द्रव्यांचं शोधन करूनच ती वापरायला सांगितली आहेत. आजीच्या एका वाक्यात अर्धं वाक्य मनाई होती. पाकिटावर कांदा तेवढा आला, मनाई माळावरच राहिली!

सायन्सचीसुद्धा गोष्ट तीच आहे बरं का. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने फॉक्सग्लोव्ह या झाडाचा लोकांमध्ये चालणारा उपाय उचलला, सुमारे दहा वर्षं रुग्णांवर काय परिणाम होतो ते टिपलं आणि १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात फायदे होते तसे मात्रा चुकल्यावर होणारे त्रासही होते. त्याच कुळातल्या झाडापासून पुढे आपली डिजॉक्सिन आली. म्हणजे आजी आणि डॉक्टर एकाच पार्टीतले. दोघंही आधी विचारतात, "किती? आणि कुणासाठी?" हा प्रश्न न विचारणारं एकच पात्र उरतं, ते म्हणजे 'नो साइड इफेक्ट्स' लिहिलेलं पाकीट.

मग आपण करायचं काय?

हर्बल सगळं फेकून द्या, असं मी अजिबात म्हणत नाहीये. माझ्या स्वतःच्या डब्यात सुंठ, ओवा, हळद कायम असते. पण काही गोष्टी सवयीच्या व्हायला हव्यात.

लेबल वाचा. आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर उत्पादनाचा लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि घटकांची यादी असते. आपल्या औषधविषयक नियमांत शेड्यूल ई-१ नावाची विषारी द्रव्यांची यादीच आहे. बिब्बा, धोत्रा, कण्हेर, वत्सनाभ, कुचला आणि आपली कळलावी हे सगळे त्यात आहेत. ही द्रव्यं असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना छापावी लागते. ती दिसली की समजा, हे मनाने घ्यायचं औषध नाही. आणि 'जडीबुटी' एवढंच लिहिलेली, लायसन्स नंबर नसलेली पावडर असेल तर ती घेऊच नका.

ओळख पक्की करा. वाळलेला कंद किंवा पावडर बघून वनस्पती ओळखणं तज्ज्ञांनाही कठीण जातं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाचा आक्षेप हाच होता, की ती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल? वाद बाजूला ठेवा. घरी आणलेली वेल नेमकी कोणती, हा प्रश्न मात्र आपल्या सगळ्यांसाठी आहे. रानावनात फिरताना तर साधा नियम पाळा. कांद्यासारखा दिसतो पण कांद्याचा वास नाही, तर तो तोंडात जाणार नाही. वास येतो म्हणून तो खाण्याचाच असेल, असंही नाही. झाडं बघायची हौस असेल तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठातलं नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान बघा. आणि अभयारण्यात फिरत असाल तर फोटो काढा, कंद खणू नका. तो कायद्याने गुन्हा आहे.

डॉक्टरांना सगळं सांगा. हृदयाची औषधं, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, किडनीचा आजार, गरोदरपण, घरात लहान मूल, यापैकी काहीही असेल तर रानकांद्यासारख्या गोष्टीचा विचारसुद्धा नको. आणि फॉरवर्ड वाचून चालू असलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

चुकून कुणी खाल्लाच तर? वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा, उरलेला कंद किंवा पाकीट सोबत घ्या आणि जिथे ईसीजी निघतो अशा हॉस्पिटलमध्ये पोचा. सुरुवातीला नुसती मळमळ असते, म्हणून 'अॅसिडिटी असेल' असं वाटतं. ठोके नंतर बिघडतात. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८००-११६-११७ आहे, सेव्ह करून ठेवा. या विषावर उतारा आहे, पण तो महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. तालुक्याच्या गावात तर विसराच.

शेवटचं एक काम, आणि ते फक्त आपल्यालाच करता येईल. आपण पुण्या-मुंबईत, आईबाबा गावाकडे. त्यांच्या फोनवर हे फॉरवर्ड आपल्यापेक्षा जास्त येतात, आणि पाकिटं ऑर्डर करून देणारे बहुतेक वेळा आपणच असतो! मग या रविवारच्या फोनवर 'जेवलात का?' विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा, "डॉक्टरांच्या गोळ्यांशिवाय आणखी काय काय घेता?" उत्तर ऐकताना वही-पेन जवळ ठेवा. यादी तुम्हाला वाटतेय त्यापेक्षा मोठी निघेल. ती तशीच्या तशी त्यांच्या डॉक्टरांना पाठवा.

रूममेटने विचारलं. तिच्या बाबांच्या यादीत चार वस्तू निघाल्या. डॉक्टरांनी त्यातल्या दोन बंद करायला सांगितल्या.